कांजिण्यांची बाकी

छातीच्या जुन्या रुग्णाच्या छातीत दुखू लागलं की घरचे आधी हृदयाची पट्टी काढायला नेतात. न्यायलाच हवं. माझीही काढली. पट्टी चांगली आली, रक्ताची तपासणी चांगली आली आणि "बाई, गॅस असेल" एवढं ऐकून आम्ही घरी परतलो. दुखणं मात्र गॅसचं नव्हतं. उजव्या स्तनाखालून निघून काखेखालून थेट पाठीच्या कण्यापर्यंत चार बोटं रुंद पट्टा आतून पेटला होता. डाव्या बाजूला काही नाही. ब्लाउजची शिवण टेकली तरी कळ यायची आणि कातडीवर पाहावं तर साधी लालीसुद्धा नाही.

हे इतकं बारकाईनं सांगते आहे, कारण वाचणाऱ्याला पुढे उपयोगी पडेल. दुखणं एकाच बाजूला आहे, पट्ट्यासारखं आहे, कापड लागलं तरी झोंबतं आहे आणि वर काही दिसत नाही, असं असेल तर नागीण मनात धरावी. रोज आरशात छाती बघावी, पाठ घरातल्या कुणाला तरी दाखवावी. फोड बहुधा एक ते पाच दिवसांत उठतात. ते उठेपर्यंत भल्याभल्या डॉक्टरांनाही निदान करता येत नाही, तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण फोड उठल्यावर जो वेळ हातात असतो तो फार थोडा असतो, आणि तो वाया जायला नको.

आधी माझ्या छातीविषयी. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत शिकवलं, तिथेच निवृत्त झाले. आयुष्यात विडी ओढली नाही, घरात कुणी ओढत नव्हतं. तरी साठी ओलांडल्यावर फुंकायची तपासणी केली आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो चुलीचा. लहानपणी आईच्या शेजारी बसून फुंकणीनं चूल पेटवली, लग्नानंतर सकाळ-संध्याकाळ शेणी आणि तुराट्यांवर स्वयंपाक केला, थंडीत बंब पेटवला. गॅस आला तोवर फुप्फुसांनी जे भोगायचं ते भोगलं होतं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नेमकं हेच मांडलं: धूम्रपान न करणाऱ्यांमध्येही सीओपीडी मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्यात सरपण-शेणीच्या धुराचा वाटा फार मोठा आहे. आमच्याकडे अजूनही त्याला 'दमा' म्हणतात, बाईमाणसाचा दम वयामुळे म्हणून सोडून देतात, आणि ती बाई जिना चढताना तीनदा थांबते तेव्हा तिला "जाड झालीस" म्हणतात.

तर, नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की आपण समजतो, खपल्या पडल्या, अंघोळ घातली, संपलं. विषाणू जात नाही. तो नसांवाटे पाठीच्या कण्यालगतच्या नसांच्या गाठींत जाऊन बसतो आणि पन्नास-साठ वर्षं गप्प राहतो. इंग्लंडमध्ये सायरनसेस्टर या लहानशा गावात होप-सिम्पसन नावाचे एक साधे फॅमिली डॉक्टर होते. त्यांनी आपल्या दवाखान्यात आलेल्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची सोळा वर्षं नोंद ठेवली, एकूण १९२ रुग्ण, आणि १९६५ मध्ये त्यावरून सिद्धान्त मांडला की नागीण बाहेरून येत नाही, ती आपल्याच अंगातल्या जुन्या कांजिण्यांची उठावणी असते, आणि अंगातला पहारा सैल झाला की ती उठते. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. मोठी प्रयोगशाळा नाही, नुसतं नीट भरलेलं रजिस्टर! शाळेत जन्मभर रजिस्टरं भरलेल्या माणसाला हे जास्तच भावतं.

हा पहारा देतात रक्तातल्या टी-पेशी. कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात वर्षानुवर्षं सापडतात, पण त्यांच्या जोरावर नागीण थांबत नाही. थांबवतात त्या टी-पेशी, आणि त्यांचा जोर वयानुसार उतरतो. सीओपीडीत तो आणखी उतरतो. फुप्फुसात धुरानं सुरू झालेली जळजळ धूर थांबला तरी विझत नाही. टी-पेशींना रोज तिथेच जुंपलेलं राहावं लागतं आणि त्या थकतात. थकव्याच्या खुणा त्यांच्या पृष्ठभागावर मोजताही येतात. जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी सीओपीडीत नीट गिळत नाहीत. विषाणू आला की श्वासनलिकेच्या पेशींनी जी पहिली आरोळी ठोकायची, तीही क्षीण असते. वर्गात पुढच्या बाकावरचा एकच पोरगा दिवसभर दंगा करत असला आणि शिक्षक त्याच्याच मागे असला, तर मागच्या बाकावर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. माझ्या नसेतल्या विषाणूला असाच मोकळा वेळ मिळाला.

यात गंमत अशी की अशा माणसाच्या अंगात प्रतिकार कमी आहे असं म्हणणं अर्धंच खरं. एका ठिकाणी तो नको तितका पेटलेला असतो आणि दुसऱ्या ठिकाणी हवा तेव्हा हजर नसतो. म्हणून 'इम्युनिटी वाढवा' हा सल्ला छातीच्या रुग्णाला लागू पडत नाही. काय वाढवायचं? जळजळ वाढवायची का? कोविडच्या काळात आमच्या गल्लीत घराघरांत गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असा काढा घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ती मान्य केली नाही. त्या वादात मी पडत नाही. पण रोज चार-पाच औषधं घेणाऱ्या माणसानं सहावं काही सुरू करताना निदान आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावं, मग ते झाडाचं असो की कारखान्याचं.

दुसरी गोष्ट स्टेरॉइडची. तैवानमध्ये सीओपीडीच्या रुग्णांची मोठी पाहणी झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. सीओपीडी नसलेल्यांच्या तुलनेत या रुग्णांना नागिणीचा धोका दीडपटीहून जास्त निघाला, आणि तो स्टेरॉइड न घेणाऱ्यांनाही होता, म्हणजे खुद्द आजाराचाच. स्टेरॉइडचा पंप ओढणाऱ्यांना सुमारे दुप्पट, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना तिप्पट.

हे वाचून कुणी पंप कपाटात ठेवून देऊ नये, म्हणून लगेच पुढचं सांगते. पंपातलं स्टेरॉइड काही रुग्णांना फार उपयोगी पडतं, दम एकाएकी वाढण्याचे त्यांचे वारंवार येणारे झटके त्यानं कमी होतात. कुणाला उपयोगी पडेल याचा अंदाज साध्या रक्ततपासणीतल्या इओसिनोफिल पेशींच्या आकड्यावरून येतो. तो ३०० किंवा जास्त असेल तर फायदा चांगला, १०० च्या खाली असेल तर फारसा नाही आणि न्यूमोनियाचा धोका उगाच. छातीच्या डॉक्टरांना सरळ विचारावं, "माझ्या पंपात स्टेरॉइड आहे का, आणि मला ते लागतं का?" विचारलं म्हणून कुणी रागावत नाही. ओढल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावं, एवढं तर सगळ्यांनी करावंच.

गोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. झटका आला की प्रेडनिसोलोन देतात, ते योग्यच आहे. ते किती दिवस द्यायचं यावर स्वित्झर्लंडमध्ये प्रयोग झाला आणि २०१३ मध्ये निकाल आला: पाच दिवसांचा कोर्स चौदा दिवसांच्या कोर्सइतकाच काम करतो. आमच्याकडे लोक ती जुनी चिठ्ठी जपून ठेवतात. ढग आले, दम लागला, की मेडिकलमधून 'ती बारकी पांढरी गोळी' आणतात, बरं वाटलं की आणखी आठवडाभर घेतात. भूक लागते, तरतरी येते, आणि आतून साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, पहारा आणखी सैल होतो. महिनोन्‌महिने घेत असलेली गोळी मात्र एका दिवसात बंद करू नये, तेही धोक्याचं; ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवतात.

माझे फोड उठले शनिवारी संध्याकाळी, स्तनाखाली, तांबूस जागेवर पाण्यानं भरलेले बारीक झुबके. जवळच्या दवाखान्यात त्यांना मी दुखण्यावर लावलेल्या मलमाची ॲलर्जी ठरवलं गेलं, स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि वर लावायला स्टेरॉइडचंच क्रीम. विषाणूवरचं औषध सोबत नसताना नुसतं स्टेरॉइड म्हणजे विषाणूला मोकळं रान. रविवारी फोड पाठीकडे सरकले. सुनेनं मोबाइलवर फोटो काढून माझ्या छातीच्या डॉक्टरांना पाठवले आणि त्यांचा उलट फोन आला, "ही नागीण आहे, आजच्या आज गोळ्या सुरू करा." सोबत क्रिअ‍ॅटिनिनचा रिपोर्ट मागितला, कारण मूत्रपिंडं कमी काम करत असतील तर मात्रा कमी करावी लागते.

या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर उत्तम. असायक्लोव्हिर असेल तर दिवसातून पाच वेळा, सात दिवस. व्हॅलासायक्लोव्हिर दिवसातून तीनदा. पाणी भरपूर प्यायचं. ७२ तास उलटले तरी नवे फोड येत असतील, डोळ्याजवळ असतील किंवा रुग्ण स्टेरॉइडवर असेल तर 'आता उशीर झाला' म्हणून सोडून देत नाहीत, औषध देतातच. कपाळावर, पापणीवर आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर गाठायचे. नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची नस एकच. कानात फोड आणि तोंड वाकडं झालं तर तीही तातडीचीच बाब. शनिवार-रविवार आहे, सोमवारी बघू, असं नागिणीच्या बाबतीत चालत नाही.

शेजारच्या आक्का त्याच रविवारी आल्या. "बाई, गोळ्यांनी नागीण जात नसती, ती उतरवावीच लागती." पलीकडच्या गावात उतरवणारा आहे, तो मंत्र घालतो आणि गेरूनं दोन्ही टोकं बांधतो, असं त्यांचं म्हणणं. टोकं बांधायची ती कशासाठी, तर नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळून विळखा पुरा झाला की माणूस जातो. आक्कांचा जीव माझ्यावर आहे, त्यांना मी काही बोलले नाही. पण इथे लिहायला हवं. कण्यातून निघणारी प्रत्येक नस अंगाच्या अर्ध्याच बाजूला जाते, छातीच्या मध्यरेषेवर थांबते. म्हणून नागीण अर्धाच पट्टा आखते. विळखा पुरा होत नाही तो गेरूमुळे नव्हे. फोड नवे येणं काही दिवसांत थांबतं, आठवडा-दहा दिवसांत खपल्या धरतात, हेही मंत्राविनाच होतं, त्यामुळे उतरवणाऱ्याचं नाव राहतं. फोड अंगभर पसरू लागले किंवा दोन्ही बाजूंना उठले, तर मात्र प्रतिकार फारच खालावलाय असं समजून इस्पितळातच जायचं. आणि गेरू काय किंवा दूर्वा-तांदळाचा लेप काय, फुटलेल्या फोडांवर मातीपाला लावून आत जंतू जाऊ द्यायचे नाहीत. स्वच्छ धुवावं, कोरडं ठेवावं, जुन्या मऊ सुती लुगड्याचा तुकडा वर घालावा. ब्लाउज मी बाजूला ठेवला आणि ह्यांच्या सैल बंड्या घालून दिवस काढले.

घरात नात वर्षाचीही नव्हती. माझी नागीण तिला नागीण म्हणून लागणार नव्हती, पण फोडातल्या पाण्यातून तिला कांजिण्या होऊ शकत होत्या. कांजिण्यांची लस पंधराव्या महिन्यात देतात, तीही सरकारी लसीकरणात नाही, आपली आपण घ्यावी लागते. म्हणून सगळ्या खपल्या धरेपर्यंत फोड झाकलेले, टॉवेल-चादर वेगळी, आणि नात लांब. कांजिण्या न झालेल्या गरोदर बाईनंही अशा वेळी लांब राहावं.

आता छातीच्या रुग्णासाठी सर्वांत महत्त्वाचं, आणि जे मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नाही. नागीण कातडीची असली तरी बरगड्यांवर उठली की ती श्वासाचा आजार होते. खोल श्वास घेतला की कळ, म्हणून श्वास उथळ. खोकला की जीव जातो, म्हणून खोकला दाबायचा. सीओपीडीच्या माणसानं खोकला दाबला की बेडका आत साठतो. माझा कॅप्सूलचा पंप जोरात ओढावा लागतो. तो ओढताच येईना, म्हणजे रोजचं औषधही धड पोचेना. आठवड्याच्या आत बेडका हिरवट झाला, ताप आला, आणि नागिणीवर झटका येऊन बसला. नागिणीनं नाही, या झटक्यानं मला इस्पितळात नेलं.

तिथल्या फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीनं जे शिकवलं ते पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. खोकायच्या आधी दुखऱ्या बाजूवर उशी घट्ट धरायची, दोन्ही हातांनी कवटाळून, मग पुढे झुकून खोकायचं. मोठा खोकला काढण्याऐवजी, आरशावर वाफ सोडतो तसं तोंड उघडं ठेवून 'हाऽऽ' करत दोन-तीनदा हवा सोडायची. बेडका वर सरकतो आणि कळ निम्मी लागते. दुखण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं वाफ घ्यायची, उलट नाही. कॅप्सूलचा पंप जमत नसेल तर डॉक्टरांना सांगून तात्पुरता स्पेसरवाला पंप किंवा नेब्युलायझर घ्यायचा. दुखणं सहन करणं हा बायकांचा गुण मानतात, इथे तो गुण न्यूमोनिया करून ठेवतो. दुखतंय म्हणून सांगायचं आणि गोळी मागायची.

खपल्या पडल्या, दुखणं राहिलं. फोड गेल्यावर तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर ते नसेचं दुखणं. ते दहातल्या एखाद-दोघांना राहतं, वय जास्त तेवढी शक्यता जास्त. मी त्या एखाद-दोघांत निघाले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी प्रीगाबालिन सकाळ-संध्याकाळ दिलं आणि जोडीला ट्रॅमाडॉल. माझ्या फुप्फुसांचा विषय तिथे निघालाच नाही, चिठ्ठीवर फक्त नागीण लिहिली होती. दुखणं खरंच कमी झालं. पण मी दिवसा पेंगू लागले, बोलणं जड झालं, सकाळी उठल्यावर डोकं ठणकायचं. घरच्यांना वाटलं, बरेच दिवस झोप नव्हती, आता झोपते आहे, झोपू द्या. सुनेनं बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८६. एरवी माझा ९३ असतो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१९ मध्ये गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन या दोन्ही औषधांबद्दल इशारा दिला होता: सीओपीडीसारखे श्वसनाचे आजार असलेल्यांत, वृद्धांत, आणि सोबत ट्रॅमाडॉलसारखं अफूवर्गातलं किंवा झोपेचं औषध असेल तर श्वास धोकादायक रीतीनं मंदावू शकतो. माझ्यात तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. श्वास मंदावला की अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि तो ऑक्सिमीटरवर दिसत नाही! बोटावरचा आकडा चांगला असूनही माणूस गुंगीत जाऊ शकतो. सकाळची डोकेदुखी, दिवसाची गुंगी, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. नक्की कळतं ते मनगटाच्या धमनीतून रक्त काढून. आणि अशा रुग्णाला घरी ऑक्सिजन लावून नळी पूर्ण उघडणंही चुकीचं. सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड साठण्याची भीती असेल तर ८८ ते ९२ एवढाच आकडा राखतात, १०० गाठायचा नसतो. माझं ट्रॅमाडॉल बंद केलं, प्रीगाबालिन फक्त रात्री, लहान मात्रेत ठेवलं, आणि दुखऱ्या जागी लावायला लिडोकेन दिलं. आता दुखतं, पण जागी असते.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये एक कार्ड आहे. आजाराचं नाव, पंपाचं नाव, गेल्या वर्षभरात स्टेरॉइडच्या गोळ्या कधी घेतल्या, नेहमीचा ऑक्सिजन किती, क्रिअ‍ॅटिनिन किती. कुठल्याही दवाखान्यात टेबलावर आधी ते ठेवते. दात काढायला गेले तरी.

एक खर्च मात्र वाचवा. नागिणीनंतर ओळखीतल्या एकानं सुचवलं की अंगात आणखी कुठले विषाणू दबा धरून आहेत ते सगळं तपासून घ्यावं, पॅकेज मिळतं. दबा धरणारे आहेत खरे. कांजिण्यांच्याच कुळातले सायटोमेगॅलो आणि एपस्टाइन-बार हे विषाणू बहुतेक सगळ्या भारतीय प्रौढांच्या अंगात असतात, आणि फुप्फुसांच्या जुनाट आजारांत त्यांचा काही हात आहे का यावर संशोधन चालू आहे. पण त्या पॅकेजमधली 'आयजीजी पॉझिटिव्ह' ही ओळ एवढंच सांगते की हा विषाणू कधीतरी भेटला होता. ती कुणाचीही पॉझिटिव्ह येईल. त्यावर काही उपचार करायचा नसतो, फक्त रात्रीची झोप जाते. लांब मुदतीचं स्टेरॉइड किंवा प्रतिकार दाबणारी औषधं सुरू होणार असतील, जशी फुप्फुसं आक्रसण्याच्या काही आजारांत होतात, तर डॉक्टर स्वतःच छातीचा एक्स-रे, सुप्त क्षयाची आणि कावीळ-बीची तपासणी सांगतात. ती टाळू नये. आपल्याकडे सुप्त क्षय बऱ्याच जणांच्या अंगात असतो.

त्या पैशांत लस घ्यावी. नागिणीची नवी लस २०२३ पासून भारतात मिळते. तीत जिवंत विषाणू नाही, त्याचं फक्त एक प्रथिन आहे, त्यामुळे स्टेरॉइड घेणाऱ्यांनाही ती देता येते. पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. मोठ्या चाचण्यांत पन्नाशीवरच्यांत ९७ टक्के आणि सत्तरीवरच्यांत सुमारे ९० टक्के संरक्षण दिसलं. मात्र त्या चाचण्यांत प्रतिकार दाबणारी औषधं घेणारे लोक नव्हते, त्यांच्यात परिणाम थोडा कमी असतो. सीओपीडीच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शिका ठरवणाऱ्या 'गोल्ड'च्या यादीत फ्लू आणि न्यूमोकोकलच्या जोडीला ही लसही आता आहे. ती महाग आहे, दोन डोस म्हणजे पेन्शनरला महिनाभर हिशेब करायला लावणारी रक्कम, आणि सरकारी दवाखान्यात ती मिळत नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी दरवर्षीची फ्लूची सुई, मग न्यूमोकोकल, मग ही, असा क्रम मी तरी लावेन. ज्यांचे स्टेरॉइडचे कोर्स वरचेवर होतात त्यांनी डॉक्टरांशी बोलून हिला वर घ्यावं. नागीण एकदा झाली म्हणजे पुन्हा होत नाही असंही नाही, म्हणून मीही फोड आणि झटका पुरते निवळल्यावर घेतली. दुसऱ्या डोसानंतर दंड चांगलाच दुखला, रात्री कणकण आली, पॅरासिटामॉल घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरलं. आक्कांनाही दम लागतो, चूल त्यांनीही तेवढीच फुंकली आहे. फ्लूच्या सुईला त्या तयार झाल्या आहेत, पावसाळ्याच्या आत दोघी मिळून जाणार आहोत. फुंकायच्या तपासणीचं अजून मनावर घेत नाहीत.